पुलावरचे चौदा फोटो

आमच्या मुलाला गाड्यांचं वेड आहे. गाड्या म्हणजे मोटारी नव्हेत, आगगाड्या. तो नववीत आहे. परीक्षेत इतिहासाचे सन त्याच्या लक्षात राहत नाहीत, पण कोणतं इंजिन कोणत्या शेडचं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतो. गेल्या वर्षी ईदीचे पैसे साठवून, त्यात माझ्याकडून थोडे उकळून, त्याने एक सेकंडहँड कॅमेरा घेतला. तेव्हापासून एकच धोशा, एक पूर्ण दिवस गाड्यांचे फोटो काढायला जायचं.

मी टाळत होतो. आधी म्हटलं पावसाळा संपू दे. मग सहामाही आली. मग डिसेंबरच्या सहा तारखेचा आठवडा नको, मग २६ जानेवारी जवळ आला, बंदोबस्त असतो, नको. हे मी त्याला असं उघडपणे सांगितलं नाही. अभ्यासाचं कारण पुढे केलं. घरातल्यांना खरं कारण कळत होतं. शेवटी रमजान दहा-अकरा दिवसांवर आला तेव्हा पत्नी म्हणाली, "आता घेऊन जा, नाहीतर ईदपर्यंत राहिलं." म्हणून फेब्रुवारीतल्या त्या रविवारी फजरची नमाज पढून आम्ही बापलेक स्कूटरवरून तळोज्याहून पनवेलला निघालो. खिशात आधार कार्ड, शाळेचं ओळखपत्र, स्कूटरचे कागद आणि मुलाचंही शाळेचं ओळखपत्र. फोटो काढायला चाललो होतो, पण तयारी कोर्टाच्या तारखेला निघाल्यासारखी होती.

पनवेल हे गाड्या पाहायला फार चांगलं ठिकाण आहे. हार्बरची लोकल इथे संपते, दिव्याकडून येणारी लाईन इथे मिळते, कर्जतकडे एक फाटा जातो, उरण-न्हावाशेवाच्या बंदराकडे दुसरा, आणि कोकणात जाणारी लाईन इथूनच रोह्याकडे जाते. दिल्लीहून एर्नाकुलमला जाणारी मंगला याच स्टेशनातून जाते आणि बंदराचे कंटेनरही इथूनच. आम्ही प्लॅटफॉर्म तिकिटं काढली आणि टोकाला जाऊन उभे राहिलो. साडेआठच्या सुमारास मांडवी आली. मुलाने गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला आणि मी त्याचा हात खाली केला. "इथे मोबाईलने काढ." आमच्या बाजूला चार पोरं धावत्या गाडीसमोर रील काढत होती, त्यांना कोणी हटकत नव्हतं. पण गळ्यात मोठा कॅमेरा, शेजारी दाढीवाला माणूस, हे चित्र वेगळं दिसतं, असं मला वाटलं. त्याने काही न बोलता मोबाईल काढला.

खरं सांगायचं तर मला गाड्यांची भाषा कळायला लागली तीच याच्यामुळे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, तेव्हा अक्षरांवर माझी नजर आपोआप जाते. रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं असतं. मी कित्येक वर्षं ते वाचत आलो, अर्थ माहीत नव्हता. मुलाने सांगितलं, "सीटी आणि फाटक. पुढे फाटक आहे, शिट्टी वाजवा." दुसऱ्याच दिवशी मी हे सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं. देवनागरी अडखळत वाचणारी आमची पोरं त्या दोन अक्षरांवर खूश झाली. स्टेशनच्या पाटीवर पनवेल दोनदा देवनागरीत लिहिलेलं असतं, एकदा मराठी म्हणून आणि एकदा हिंदी म्हणून. दोन्हीत एका मात्रेचाही फरक नाही. वर्गात व्याकरणावरून होणाऱ्या भांडणांपेक्षा हे किती समजूतदारपणाचं आहे! गार्डला २०२२पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, हेही त्यानेच सांगितलं. मला गार्डच बरा वाटतो. हिरवा-लाल झेंडा हातात घेणारा माणूस मॅनेजर वाटत नाही.

मालगाडीच्या वॅगनवर अकरा आकडे असतात. पहिले दोन वॅगनचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची ते, पाचवा-सहावा आकडा बांधणीचं वर्ष, त्यानंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा आकडा आधीचे दहा बरोबर लिहिलेत की नाही हे तपासण्यासाठी. एक रिकामी कोळशाची गाडी पनवेलच्या बाहेर सिग्नलला थांबली होती, तेव्हा आम्ही कुंपणाच्या अलीकडून वाचत बसलो. ०८, ११, ०८, १४, ०९. "अब्बू, ही माझ्यापेक्षा मोठी आहे," तो म्हणाला. त्या तासाभरात मी खरंच मजेत होतो. वॅगन मोजताना मागेपुढे कोण आहे हे पाहायचं विसरलो.

मी मूळचा खेड तालुक्यातला. आमच्या लहानपणी मुंबई म्हणजे रात्रीची एसटी, कशेडीचा घाट, आणि पेणला उतरून चहा. आखाताला जाणारी माणसं पत्र्याच्या पेट्या एसटीच्या टपावर चढवायची. १९९८ला कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली तेव्हा मी अकरावी-बारावीत होतो. गावातली म्हातारी माणसं नुसती गाडी बघायला खेड स्टेशनात गेली होती, त्यांत माझी दादीही होती. तिने डब्याला हात लावून पाहिला आणि "थंड हाय" एवढंच म्हणाली. मुलाला हा किस्सा फार आवडतो. वेड कुठून आलं त्याचा पत्ता मी तिथे शोधतो.

दहाच्या पुढे आम्ही गोव्याच्या हायवेने आपट्याकडे निघालो. पनवेलपासून रोह्यापर्यंतची लाईन मध्य रेल्वेची, कोकण रेल्वे खरी सुरू होते ती रोह्याच्या पुढे. मधल्या टापूत मालगाड्या भरपूर. पेणहून थळला जाणारा फाटा आरसीएफच्या खत कारखान्याचा आहे. खताच्या गोणी बंद वॅगनमधून जातात, कोळसा उघड्या वॅगनमधून, कंटेनर सपाट वॅगनवरून. रस्ता रुळांवरून जातो असा एक पूल त्याने नकाशावर हेरून ठेवला होता. कोणता ते लिहीत नाही. उन्हाची दिशा, वळण, मागे डोंगर, सगळा हिशेब त्याने घरी बसून केला होता. रुळांत उतरायचं नाही, रस्त्याच्या कठड्याच्या आत राहायचं, ही आमची अट होती आणि त्याने ती पाळली.

तिथे आम्ही दोन तास होतो. एक खाली जाणारी पॅसेंजर, एक एक्सप्रेस लाल डब्यांची, एक सिमेंटची असावी अशी बंद वॅगनची गाडी. आणि मग तो ज्याची वाट पाहत होता ते आलं. निळं, दोन जोडभागांचं, वॅग-१२. बिहारमधल्या मधेपुऱ्याला तयार होतं, १२,००० अश्वशक्तीचं. मागे कंटेनरची न संपणारी रांग. लांबून आवाज येतच नव्हता, फक्त पुलाचा कठडा हातांखाली थरथरायला लागला. पोरगा श्वास रोखून फोटो काढत होता.

गाडी गेली आणि मागून आवाज आला, "काय चाललंय?"

मोटारसायकल लावून एक गृहस्थ उभे होते. साध्या कपड्यांत. मी सलामासाठी उठलेला हात नमस्काराला जोडला. म्हटलं, मुलाला रेल्वेचे फोटो काढायचा छंद आहे.

"कशासाठी?"

"छंद आहे, साहेब."

'साहेब' हा शब्द माझ्या तोंडून का गेला ते मला आजही सांगता येणार नाही. ते कोण, कुठल्या खात्याचे, कुठल्या खात्याचे तरी आहेत का, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

"नाव?"

सांगितलं. ते ऐकून त्यांनी मुलाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"कुठले तुम्ही?"

"खेडचे. सध्या तळोज्याला."

"नाही, मूळचे?"

"मूळचे खेडचेच."

"मराठी चांगलं बोलता हो तुम्ही."

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्याही ओळखीचं असेल. बँकेत, भाड्याने घर पाहताना, एकदा तर मराठी अध्यापकांच्या प्रशिक्षणातही मला हे ऐकवलं गेलंय. म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट नसतं. त्या दिवशीही नसेल. मी नेहमीचं उत्तर दिलं, "शिकवतो मी मराठी," आणि ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी ते हातात न घेताच वाचलं. मग म्हणाले, "पूल-बिलांचे फोटो काढत जाऊ नका. उगाच प्रॉब्लेम होतो."

इथपर्यंत जे झालं ते त्यांनी केलं. पुढचं मी केलं. त्यांनी फोटो पुसायला सांगितले नव्हते. मीच मुलाकडे वळून म्हणालो, "पुसून टाक सगळे. साहेबांसमोर पूस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो आणून तो पुसू लागला. त्या पुलावरचे चौदा होते. शेवटचे पाच निळ्या इंजिनाचे. ते गृहस्थ अर्धे होईपर्यंत थांबले, "ठीक आहे, ठीक आहे" म्हणाले आणि निघून गेले. तो मात्र पुसतच राहिला, चौदाही.

११ जुलै २००६ला लोकलमध्ये सात स्फोट झाले तेव्हा मी बी.एड. करत होतो. त्यानंतर बरेच महिने मी पाठपिशवी वरच्या रॅकवर ठेवली नाही. मांडीवर घेऊन, चेन अर्धी उघडी ठेवून बसायचो, म्हणजे आतल्या वह्या आणि डबा समोरच्याला दिसावा. कोणी तसं सांगितलं नव्हतं. कोणी मला कधी त्रासही दिला नव्हता. पण विचारण्याआधी दाखवायची सवय लागली ती लागलीच. ती सवय मुलाला द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. पुलावर ते दोन मिनिटांत संपलं.

आपटा स्टेशन लहान आणि सुंदर आहे. झाडं आहेत, डोंगर आहे, जवळ पाताळगंगा आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट तिथे चित्रित झाला होता, त्यामुळे लोक बघायला येतात. मी हे सगळं मुलाला उत्साहाने सांगत होतो आणि तो हूं हूं करत होता. टपरीवर चहा घेतला. त्याने वडापाव अर्धा सोडला. मग पिशवीतून एक छोटी डबी काढली, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्यात ठेवलं, दुसरं कार्ड घातलं आणि मागे फिरून एका पॅसेंजरचे फोटो काढायला लागला. मला वाटलं, राग गेला.

एरवी जोहरची वेळ झाली की झाडाखाली रुमाल अंथरून मी नमाज पढलो असतो. त्या दिवशी म्हटलं पनवेलला परतून मशिदीतच पढू. पढलो, वेळेत. परतीच्या वाटेवर तो मागे बसून विचारत होता.

"अब्बू, ते कोण होते?"

"माहीत नाही."

"पोलीस?"

"माहीत नाही रे."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर जेवण न करता तो संगणकापुढे बसला. रात्री इशाच्या नमाजेनंतर मला बोलावलं. पुसलेले फोटो कार्डावरून लगेच जात नाहीत म्हणे. त्यावर नवं काही लिहिलं गेलं नाही तर परत काढता येतात. म्हणून त्याने चहा पिताना कार्ड बदललं होतं. चौदांपैकी अकरा निघाले होते. निळ्या इंजिनाचे चार. एकात वळणावर इंजिन पूर्ण आलंय, मागे डोंगर, ऊन अगदी त्याच्या हिशेबाप्रमाणे बाजूने. उजव्या कोपऱ्यात कठड्याजवळ मी आहे. गाडीकडे माझी पाठ आहे, मी रस्त्याकडे पाहतोय.

"कापून टाकू का तुम्हाला?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, तुझी मर्जी. त्याने कापलं नाही.

ईदनंतर कोलाडला जायचं ठरलंय. तिथून कोकण रेल्वेची रो-रो सेवा सुटते. भरलेले ट्रक मालगाडीच्या सपाट वॅगनवर चढवतात, ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्येच बसतात आणि गाडी त्यांना गोव्याकडे घेऊन जाते. १९९९पासून चालू आहे आणि आम्ही अजून पाहिलेली नाही. मुलाने एक अट घातली आहे. कोणी विचारलं तर आधी तो बोलणार, मी नाही. मी हो म्हटलंय. ओळखपत्रं मात्र घेणार आहे, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.