सासूने दिलेली कादंबरी

प्रेमकथा म्हटली की एक तरुण आणि एक तरुणी डोळ्यांपुढे उभी राहतात. आमच्या घरच्या प्रेमकथेत मात्र एक सासू आहे आणि एक सून.

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. विधवाविवाहाचा कायदा झाल्यावर अवघ्या वर्षाने. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासात विधवांची दुःखे पाहतात. मग विनायकच जातो. यमुना ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. पुस्तकात उपदेश एवढा, की बिचाऱ्या प्रेमाला अंग चोरूनच बसावे लागते.

तरी या पुस्तकाने आमच्या घरी मोठे काम केले. माझे वडील गेले तेव्हा आई सव्वीस वर्षांची होती. आम्ही ख्रिस्ती, पुनर्विवाहाला धर्माची आडकाठी नव्हती. पण धर्म बदलला म्हणून चालीरीती थोड्याच लगेच बदलतात! नातलगांत तो विषय कोणी काढीना. आजी नगरच्या मिशनशाळेत शिकलेली, पण तिलाही सुनेपाशी तोंड उघडवेना. एका संध्याकाळी तिने पेटीतून हे पुस्तक काढले आणि आईपुढे ठेवले. "शेवटपर्यंत वाच," एवढेच म्हणाली.

ही रीत बायबलातल्या रूथच्या गोष्टीइतकी जुनी आहे. तिथे नामी ही सासूच आपल्या विधवा सुनेला बवाजाकडे धाडते. त्या लग्नातून झालेला ओबेद हा दावीद राजाचा आजा. जिने पोटचा मुलगा गमावला, तिनेच सुनेच्या सुखाची वाट झाडून ठेवायची, याला प्रेम नाही तर काय म्हणावे?

आईने पुन्हा लग्न केले नाही. मोठेपणी मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "नाही केले ते माझ्या मनाने. सासूबाईंनी दार उघडून ठेवले होते. म्हणून कोंडल्यासारखे कधी वाटले नाही."

ती पेटी आता नगर रस्त्याने येऊन खराडीतल्या आमच्या सातव्या मजल्यावर विसावली आहे. माझी मुलगी इथल्याच आयटी पार्कात नोकरी करते. तिला यमुनेपेक्षा लक्ष्मीबाई टिळक जवळच्या वाटतात. 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र, कादंबरी नव्हे. पण १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाल्यावरची ती ताटातूट आणि मग भांडतहसत पुन्हा मांडलेला संसार, याहून सरस प्रेमकथा दाखव, असे ती मला बजावते.

तिचे स्वतःचे लग्न मोडून दोन वर्षे झाली. परवा मी सहज पेटीची कडी काढली, तर ती हसून म्हणाली, "आई, पुस्तक नको देऊस. काय विचारायचे ते सरळ विचार."

तीन पिढ्यांत आमची एवढी प्रगती झाली खरी. मी अजून शब्द जुळवते आहे.