रिकामा रकाना

हजेरीच्या कागदाला पाच रकाने होते. नाव, गाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर, सही. तो कागद मुलांमध्ये मीच फिरवला, म्हणून दोन महिने झाले तरी मनातून जात नाही.

आधीचं थोडक्यात सांगते. मी बँकेतून निवृत्त झालेली, तळेगावात राहणारी बाई. ऑनलाइन फसवणुकीवर ज्येष्ठ नागरिकांपुढे दोनदा बोलले होते, तेवढ्या भांडवलावर एका संस्थेने मला आंबीत बोलावलं. आठवी ते दहावीची मुलं, विषय इंटरनेटवरची आपली ओळख आणि खासगी माहिती. वराळे सोडून इंद्रायणी ओलांडली की आंबी. एकेकाळी भातखाचरांचं गाव, आता कॉलेजं, हॉस्टेलं, मेसच्या पाट्या आणि एमआयडीसीत कामाला आलेल्यांच्या भाड्याच्या खोल्या. मंगरूळ, नवलाख उंबऱ्याचीही मुलं होती, सगळी मिळून ४३. कार्यक्रमाच्या पत्रकावर माझा फोन नंबर छापू का, असं कार्यकर्त्याने आधी विचारलं होतं. मी नको म्हटलं. कशाला उगाच कोणाच्याही हातात नंबर द्यायचा?

बोलणं रंगलं. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना आम्ही गोपनीयतेच्या प्रतिज्ञेवर सही करतो, हे मुलांना सांगितलं. एक गृहस्थ बायकोच्या खात्यात किती शिल्लक आहे ते विचारायला आले होते, ती गोष्टही सांगितली. मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘अहो, बायको माझीच आहे!’’ मी म्हटलं, ‘‘पण खातं तिचं आहे.’’ मुलं खूप हसली. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं, आणि ती याचिका करणारे पुट्टस्वामी ऐंशी ओलांडलेले निवृत्त न्यायाधीश होते, हेही ऐकवलं. पैसे गेले तर १९३० ला फोन करा, हे तर तीनदा.

आणि त्याच वेळी कागद फिरत होता. कार्यक्रमाला पैसे एका कंपनीचे होते, त्यांना पुरावा हवा होता. मी म्हणत होते, ‘‘जन्मतारीख म्हणजे किल्लीच समजा, कोणालाही देऊ नका,’’ आणि पहिल्या ओळीतला मुलगा मान खाली घालून जन्मतारीख लिहीत होता. मी म्हणत होते, ‘‘नंबर मागणाऱ्याला आधी विचारा, कशाला हवा?’’ आणि दुसऱ्या ओळीत पेन संपलं म्हणून मीच माझं पेन दिलं. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. बँकेत आयुष्यभर लोकांकडून फॉर्मच भरून घेतले. रकाना दिसला की तो भरलेलाच असायला हवा, हे हातात भिनलेलं.

कागद परत आला तेव्हा एका नावापुढे मोबाइलचा रकाना कोरा होता. मी त्या मुलीला हाक मारली आणि, ‘‘पूर्ण भर गं, अर्धवट ठेवू नये,’’ असं सगळ्यांदेखत म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, नंबर लिहिला. त्रेचाळीस मुलांत एकीने माझं ऐकलं होतं, आणि तिलाच मी झापलं.

तेव्हा हे कळलंच नाही. उलट परतताना मी खूश होते. मनात घोळत होता तो एका मुलाचा प्रश्न. त्याने विचारलं होतं, ‘‘मॅडम, फेक अकाउंट काढणं गुन्हा आहे का?’’ दुसऱ्याचं नाव-फोटो लावून फसवलंस तर आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, असं ठणकावलं. मग तो म्हणाला, ‘‘आणि नाव कोणाचंच नसलं तर?’’ मी ‘खऱ्या नावाने वागावं’ असं काहीतरी गुळमुळीत बोलले. रात्री आठवलं, १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने, आणि मागच्या बाई होत्या बाळूताई खरे. घोडनदीच्या, आपल्याच जिल्ह्यातल्या. लग्नाबिग्नाबद्दल बाईच्या मनातलं खरं बोलायला तिला खोटं नाव घ्यावं लागलं. जिथे प्रत्येक घरात दुसऱ्या घराची खबर असते, तिथल्या पोरीने कुठल्याशा फुलाच्या नावाने खातं काढलं तर मी तिला लबाड कशी म्हणू? पुढच्या वेळी सांगायचं ठरवलं.

पुढची वेळ तीन आठवड्यांनी आली. कार्यक्रम संपल्यावर रकाना कोरा ठेवणारी ती मुलगी थांबली. ‘‘मॅडम, तो नंबर आईचा होता.’’

संस्थेच्या माणसाने हजेरीच्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, ‘यशस्वी कार्यक्रम’ म्हणून. दोनशेच्या वर माणसं. मुलीच्या वाढदिवसाला रात्री साडेदहाला आईच्या फोनवर अनोळखी नंबरवरून शुभेच्छा आली, मुलीच्या नावासकट. फोन नेमका वडिलांच्या हातात होता. हा कोण, याला तारीख कशी ठाऊक? पोरगी शपथेवर सांगतेय माहीत नाही, आई सांगतेय माहीत नाही. तेव्हापासून फोन वडिलांबरोबर कंपनीत जातो. आईला माहेरचा फोन येईना, मुलीला शाळेच्या ग्रुपवरचा अभ्यास मिळेना. हे सगळं तिने कुरकुर न करता सांगितलं. शेवटी एवढंच, ‘‘मी लिहिला नव्हता.’’

मी संस्थेच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘ग्रुप आपल्याच लोकांचा आहे, मॅडम.’’ या ‘आपल्याच’ शब्दाची मला आता चीड येते. पोरींना त्रास देणारे कुठून लांबून येत नाहीत, आपल्यातलेच असतात. मी त्याला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा ऐकवला. कागदावरची माहिती नंतर डिजिटल केली तर तिलाही तो लागू आहे, अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, बरंचसं लागू व्हायला तिथून पुढे दीड वर्ष आहे, हे मात्र गाळलं. त्याने ऐकून घेतलं आणि कागद पैसे देणाऱ्या कंपनीला पाठवून झाल्याचं सांगितलं.

पालकांच्या संमतीचं कौतुक मी पहिल्या दिवशी मुलांपुढेही केलं होतं. आता तितकंसं करवत नाही. त्या मुलीच्या घरात संमती कोण देणार? ज्याच्या खिशात फोन, तो. मग वाटतं, ती अट नसली तर आणखी वाईट. माझं काही ठरत नाही.

रविवारी त्यांच्या खोलीवर गेले. वडील रात्रपाळी करून आले होते. म्हटलं, ‘‘चूक तुमच्या मुलीची नाही. नंबर मी लिहायला लावला.’’ त्यांनी चिडावं अशी माझी तयारी होती. ते बराच वेळ गप्प बसले. आई दाराआडून बघत होती. मग त्यांनी मुलीची वही ओढली, मागचं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. ‘‘तुमचं नाव, नंबर लिहा इथं. परत काही झालं तर कोणाला विचारायचं?’’

मी नाव लिहिलं. नंबराशी हात थांबला, किती वेळ ते माहीत नाही, पण मुलीने तो थांबलेला पाहिला. मग लिहिला. जन्मतारीख त्यांनी मागितली नाही.