तिळवणीचा झणका

कोबी शिजताना घरभर सुटणाऱ्या वासाला नाक मुरडणारे बरेच भेटतात. त्यांना एकदा पावसाळ्यात आमच्या हिंगोलीकडे न्यायला हवं. वसमतच्या बाजूला बांधावर पांढरी तिळवण उगवते. हाताच्या पंजासारखं पान, पांढरी फुलं, बारीक लांब शेंगा. पान चुरगळून हुंगा, मोहरी फेसताना बसतो तसा झणका थेट कपाळात! बसणारच, कोबी-मोहरीच्या कुळाची ही सख्खी शेजारीण.

गंमत अशी, की हा झणका अख्ख्या पानात तयार नसतोच. ग्लुकोकॅपरिन नावाचं गंधक असलेलं संयुग एका कप्प्यात आणि मायरोसिनेज हे एन्झाइम दुसऱ्यात. अळीनं चावलं किंवा आपण चुरगळलं की दोघांची गाठ पडते आणि मिथिल आयसोथायोसायनेट बनतं. मोहरीत नाटक तेच, पात्रं वेगळी: सिनिग्रिनपासून ॲलिल आयसोथायोसायनेट. म्हणून फेसलेली मोहरी नाकात जाते, फोडणीतली नाही. उकळत्या तेलात एन्झाइमच मरतं. हे मोठ्या उत्साहानं आत्याला सांगितलं, तर म्हणे, "मंग यात नवं काय सांगितलंस रे बाबा?"

(नाव वाचून १९८४चं भोपाळ आठवलं असेल, तर तो वायू मिथिल आयसोसायनेट. त्यातल्या ऑक्सिजनच्या जागी इथे गंधक. फरक एका अणूचा! शुद्ध रूपात हेही विषारीच. पानात मात्र अगदी किंचित, आणि शिजवताना बरंचसं उडून जातं. भाजी खुशाल खा.)

हे शोधतात कसं? वासाचं मिश्रण गॅस क्रोमॅटोग्राफमधून सोडतात, घटक एकेक करून बाहेर पडतात, मास स्पेक्ट्रोमीटर त्यांची ओळख पटवतो. पण यातला नेमका कुठला घटक आपल्याला 'वास' म्हणून जाणवतो, हे मशीनला कळत नाही. त्यासाठी नळीच्या टोकाशी चक्क एक माणूस नाक लावून बसतो आणि वास आला की बटण दाबतो. डीबगिंगचा इतका सुंदर प्रकार मी आमच्या धंद्यात पाहिलेला नाही.

असो. केनियात हीच भाजी बाजारात विकायला असते, दूध घालून शिजवतात. आमच्याकडे ती तण. सोयाबीनवर तणनाशक फवारलं की इतर गवताबरोबर हीसुद्धा जाते. आत्या हल्ली बी डब्यात जपून ठेवते, परसात टाकायला. त्यातलंच चिमूटभर मी पुण्याला आणून गॅलरीतल्या कुंडीत पेरलंय. अजून काही उगवलं नाही.