गॅरेजमधला तिसरा फेज

मिलिंग मशीन घरी आलं तेव्हा कनेक्टिकटात कडाक्याचा फेब्रुवारी होता. मशीन जुनं, ब्रिजपोर्टचं. इथून तासाभरावर असलेल्या त्याच नावाच्या गावात बनलेलं. मोटर २ हॉर्सपॉवरची, थ्री-फेज. घरात मात्र इथल्या बहुतेक घरांसारखं सिंगल फेज, २४० व्होल्ट. लहानपणी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काकांच्या लेथपाशी सुट्ट्या काढल्या, पण थ्री-फेज नसलेला वर्कशॉप तिथे कधी पाहिला नव्हता.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "एक मोठी मोटर रिकामी फिरव. तीच तिसरा फेज देती." मळ्यावर एक फेज गेला की उरलेल्या दोघांवर कंडेन्सर लावून पंप चालवायचे, त्यामुळे त्यांना यात नवल नव्हतं. पुढे म्हणाले, "फक्त कंडेन्सरला भिऊन राहा. मेन बंद केलं म्हणजे तो मेला असं समजू नको."

एकाच मशीनपुरतं असतं तर मी सिंगल फेजवरून थ्री-फेज देणारा इलेक्ट्रॉनिक व्हीएफडी घेतला असता. पण लेथ आणि ग्राइंडरही आणायचे मनात होते, म्हणून रोटरी फेज कन्व्हर्टरच बांधायचं ठरवलं. थ्री-फेज मोटरच्या दोन टोकांना सिंगल फेज दिला आणि ती एकदा फिरू लागली, की फिरत्या रोटरमुळे तिसऱ्या टोकावर व्होल्टेज तयार होतं. मात्र ती आपण होऊन सुरू होत नाही. नुसती घुं घुं करते आणि तापते. सुरुवातीचा धक्का द्यायला स्टार्ट कंडेन्सर लागतो. मोटरनं वेग घेतला की पोटेन्शियल रिले त्याला सर्किटमधून काढतो.

भंगारातून ५ हॉर्सपॉवरची मोटर मिळाली. बेअरिंग बदलली. तिच्या शाफ्टवर काहीच जोडायचं नव्हतं, म्हणून शाफ्टच्या खाचेतली चावी आधी काढून ठेवली. सैल चावी फिरत्या शाफ्टवरून गोळीसारखी सुटते. उघड्या शाफ्टवर पत्र्याचं झाकण बसवलं. पॅनेलपासूनची लाइन मी स्वतः ओढली नाही. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननं ४० अँपिअरचा ब्रेकर आणि ८ गेजची तांब्याची वायर टाकली, नगरपालिकेचा इन्स्पेक्टर येऊन पाहून गेला. अर्थिंगची वायर मशीनच्या बॉडीपासून थेट पॅनेलपर्यंत नेली. बाहेर मातीत नुसता रॉड ठोकून भागत नाही. मातीतून एवढा करंट जातच नाही की बॉडीला फेज लागल्यावर ब्रेकर पडेल.

स्टार्ट-स्टॉपची बटणं आणि कॉन्टॅक्टर लोखंडी डब्यात बसवले. कॉइलला वीज मूळच्या दोन लाइनींवरूनच दिली. बनवलेल्या फेजवर कंट्रोलचं काहीही ठेवायचं नाही, कारण त्याचं व्होल्टेज लोडप्रमाणे वरखाली होतं. वीज गेली की कॉन्टॅक्टर पडतो आणि परत आली तरी बटण दाबल्याशिवाय लागत नाही. एवढं नसेल तर वीज आल्यावर थांबलेली मोटर आपोआप सुरू होऊ पाहील, आणि चालू राहिलेलं मिलिंगही तिच्यासोबत.

पहिल्याच आठवड्यात मोटर सुरू व्हायला कुरकुर करू लागली. स्टॉप केलं, ब्रेकर पाडला, त्याला कुलूप घातलं, डबा उघडला. सगळं शांत होतं. दहा मिनिटं झाली होती. रिलेची वायर हलवून बघायला हात पुढे गेला आणि काकांचं बोलणं आठवलं. हात मागे घेऊन मल्टिमीटर डीसीवर लावला. स्टार्ट कंडेन्सरवर १७० व्होल्ट!

रन कंडेन्सर मोटरच्या वाइंडिंगला कायम जोडलेले असतात, त्यांचा चार्ज वाइंडिंगमधूनच उतरून जातो. स्टार्ट कंडेन्सरला मात्र रिले ज्या क्षणी तोडतो, त्या क्षणाचं व्होल्टेज तो पोटात धरून बसतो. ते उतरवायला त्याच्यावर १५ किलोओहमचा रेझिस्टर मी लावला होता. २७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्यानं वीसेक सेकंदांत रिकामा व्हायला हवा. पण मोटरच्या थरथरीनं रेझिस्टरचा पाय डाग दिलेल्या जागीच तुटला होता. तुटलेला पाय जागेवरून हललाही नव्हता. डोळ्यांना जोड धडधाकट दिसत होता.

इन्सुलेटेड क्लिपांनी दुसरा रेझिस्टर लावून चार्ज उतरवला. मीटर शून्यावर येईपर्यंत नजर हलवली नाही. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करणारे पाहिले आहेत. त्यात ठिणगी तोंडाशी उडते आणि कंडेन्सर फुटूही शकतो. आता प्रत्येक स्टार्ट कंडेन्सरवर दोन रेझिस्टर आहेत, डाग न देता स्क्रूखाली थिंबल घालून आवळलेले. मोटरखाली जाड रबर आहे आणि डबा मोटरपासून वेगळा, भिंतीवर आहे.

मग रन कंडेन्सर थोडेथोडे वाढवत व्होल्टेज जुळवलं. लाइनीत २४२ होते, बनवलेल्या फेजकडे एका बाजूला २२१ आणि दुसऱ्या बाजूला १९८. मिलिंग चालू ठेवून शेवटी २३८ आणि २३३ वर आणलं. ही जुळणी लोडवरच करायची, रिकाम्या मोटरवरचे आकडे फसवतात. कंडेन्सर बदलायचा म्हटलं की दर खेपेला सगळं बंद, कुलूप, मीटर, मगच हात. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

रविवारी काकांना व्हिडिओवर मशीन दाखवलं. पितळेच्या ठोकळ्यावर कटर फिरत होता, पिवळा चुरा उडत होता. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कॅमेरा जरा त्या डब्याकडं ने. झाकणाचे चारी स्क्रू लावलेत न्हवं?"

तीनच लावलेले होते. चौथा टेबलावर पडला होता.