अष्टमांश इंचाची तफावत

मिनेसोटातील चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपॉल यांनी १९२९ च्या सुमारास फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून उडविलेले 'एअर कॅम्पर' हे लाकडी विमान मी विस्कॉन्सिनमधील माझ्या मोटारखान्यात बांधावयास घेतले, तेव्हा त्या इंजिनाऐवजी ६५ अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल ए-६५ बसविण्याची तजवीज केली. आणि मूळ नकाशाबरहुकूम चालण्याची सोय तेथेच संपली. हे इंजिन फोर्डच्या मानाने बरेच हलके. नाकावरचा भार घटला म्हणजे गुरुत्वमध्य मागे सरकतो, सबब इंजिन त्याच्या मागच्या आगरोधक भिंतीपासून, म्हणजे फायरवॉलपासून, अधिक पुढे नेणे प्राप्त झाले, आणि त्याला धरणारा नळ्यांचा सांगाडा, म्हणजे माउंट, जितका लांब तितका त्याच्या मुळाशी येणारा जोर अधिक.

हिशेब आठवडाभर चालला. वजनाच्या ३.८ पट भार, त्यावर दीडपट सुरक्षा म्हणजे ५.७, शिवाय २३०० फेऱ्यांवर इंजिनाचा पीळ सुमारे १४८ फूट-पौंड, आणि चार सिलिंडरांचे धक्के सलग नसल्यामुळे नियमाप्रमाणे तो दुप्पट धरावयाचा. पाऊण इंची ४१३० क्रोममॉली नळी हे सारे सोसते, याची खातरजमा झाली. मेख निघाली ती त्रिकोणांच्या मांडणीत. माझी एक कर्णनळी कागदावर अत्यंत देखणी होती, पण ती ठिणगी पुरविणाऱ्या मॅग्नेटोच्या नेमकी पाठीमागून जात होती, म्हणजे मॅग्नेटो काढायचा तर अख्खे इंजिन उतरवावे लागले असते!

नळ्यांची तोंडे परस्परांच्या गोलाईवर बसेतो कानशीने घासण्यात मला मनस्वी आनंद झाला. वेल्डिंग करताना नळ्या जागच्या जागी धरणारा साचा, म्हणजे जिग, मात्र काटकसरीने प्लायवूडचा केला. वेल्डिंगच्या आचेने बोल्टांच्या भोकांभोवतीचे लाकूड करपून ढिले पडले, आणि गार होता होता जोड आकसले. माउंट सोडविला तेव्हा तीन बोल्ट बसले, चौथे भोक अष्टमांश इंच बाजूला. पहारीने रेटले असते तर बोल्ट गेलाही असता. परंतु तो ताण जोडात कायमचा कोंडून राहिला असता, आणि इंजिनाच्या थरथरीने तो जोड कधी तरी तडकला असता.

दुसऱ्या खेपेस लोखंडी अँगलचा जिग केला, आधी सगळीकडे टाके मारले, मग समोरासमोरचे जोड आळीपाळीने भरले. तापल्या जोडाला गार वारा लागला तर ४१३० ठिसूळ होते म्हणून जानेवारीत दार लावून, घामाघूम होऊन बसलो. चौथा बोल्ट अंगठ्याने आत गेला. चीर दिसावी म्हणून रंग फिकट राखाडी दिला.

पहिला माउंट भिंतीवर आहे; त्याच्या वाकड्या कानाला हल्ली घरचे बागेची रबरी नळी अडकवतात.