उभ्या फटी

माळव्याच्या काळ्या मातीखाली काळा पाषाण आहे. तो वरून दिसतो तितका एकसंध नसतो, हे मला उशिरा कळले. तेही दुसऱ्यांच्या पाण्याची किंमत मोजून.

१९८९ साली, राज्य शासनाच्या सेवेत असताना, एका लहान धरणाच्या पायाची तपासणी माझ्याकडे आली. नाल्याच्या पात्रात तीन छिद्रे घेतली. तिन्ही सरळ उभी. पेटीत मांडलेले खडकाचे लांबलचक गाभे पाहून मन प्रसन्न झाले. दहा सेंटिमीटर वा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज करून ती छिद्रणाच्या एकूण लांबीशी ताडायची, ही डॉन डीअर यांची पद्धत. माझे उत्तर नव्वद टक्क्यांच्या वर आले. ‘पाया अखंड’ असे लिहून मी सही केली.

गावात विहिरी खणणारे एक वृद्ध गृहस्थ होते. इथल्या विहिरींना पाणी उभ्या चिरांतूनच येते, असे त्यांनी मला सांगितले होते. मी ते ऐकून घेतले, लिहून मात्र घेतले नाही.

धरण पहिल्याच पावसाळ्यात तुडुंब भरले आणि संक्रांतीच्या आत रिकामे झाले. पाणी पायाखालून खालच्या नाल्यात वाहून जात होते. त्याच्या भरवशावर ज्यांनी गहू पेरला होता, त्यांच्यासमोर उभे राहणे फार अवघड गेले.

कारण साधे होते. लाव्हा थंड होताना आकसतो आणि आडव्या थरांत आकुंचनाच्या फटी बहुधा उभ्या पडतात. उभे छिद्र त्यांच्या मधून अलगद निघून जाते. रूथ तेर्झाघी यांनी १९६५ सालीच हा दोष गणिताने मांडला होता. फट क्षितिजाशी ८० अंशांनी कललेली असेल, तर तिला काटकोनात छेदणाऱ्या रेषेच्या मानाने उभ्या छिद्रात अशा फटी जेमतेम एक-षष्ठांश सापडतात. फट पूर्ण उभी असेल, तर कोणतीही आकडेमोड कामाची नाही. पाहण्याची दिशाच बदलावी लागते.

मग मी उघड्या कातळावर टेप लावून बसलो. टेपला छेदणाऱ्या प्रत्येक फटीचे अंतर, कलाची दिशा व कोन, लांबी, तोंडाची रुंदी, आत माती आहे की पोकळी, हे सारे वहीत उतरवले. नंतर टेप दुसऱ्या दिशेने लावली. उभ्या फटी वीत-वीत अंतरावर होत्या. तिरकी छिद्रे घेऊन त्यांत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरले, तेव्हा गळती बरीच कमी झाली; संपली नाही.

त्या वृद्धांना भेटायला गेलो. त्यांनी बोल लावला नाही. विहिरीच्या पायऱ्या उतरवून भिंतीतल्या चिरा दाखवल्या. पुढे निवृत्तीपर्यंत माझ्या प्रत्येक अहवालात छिद्राची दिशा नोंदवलेली असे. आणि छिद्रे उभीच असली, की खाली एक ओळ मी स्वहस्ते लिहीत असे : ‘उभ्या फटी तपासलेल्या नाहीत.’