गाडी झोपवताना

लेकीकडे सहा महिने जायचं ठरलं आणि घरात एकच सूर लागला, "आता गाडी विकूनच टाका." वय सत्तरीपार, गुडघे कुरकुरतात, सगळं खरं. पण मन काही होईना.

मग तयारीला लागलो. गाडी धुऊन कोरडी केली. आतले बिस्किटांचे पुडे काढले, नाहीतर उंदरांना आमंत्रणच! टाकी काठोकाठ भरली. अर्धवट टाकीत पावसाळी हवेचं पाणी साचतं, आणि हल्लीच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाण्याची भारी ओढ. जुनं ऑइल बदललं. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरली. ओढलेला हँडब्रेक महिनोन्‌महिने राहिला की चिकटतो, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना विटा लावल्या. शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली.

शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेवू का?" म्हटलं, नको रे बाबा. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही, उलट आत ओल धरते. आणि सुरू करताना बॅटरीतून जेवढं जातं तेवढं भरूनही निघत नाही. झोपलेल्याला अर्धवट उठवण्यापेक्षा नीट झोपू द्यावं.

विकायची वस्तू माणूस नुसती पुसतो. एवढी निगा राखतो ती परत वापरायच्या वस्तूची. विटा सरकवताना मी गाडीपेक्षा स्वतःलाच बजावत होतो, की परत यायचंय. लायसन्स अजून तीन वर्षं चालेल. चावी पासपोर्टच्या पाकिटात ठेवलीय.